दोन सह्यांचा दावा

माझ्या मावशीच्या नवऱ्याने माझ्या वडिलांवर दावा लावला, त्या वर्षी काका सहासष्ट वर्षांचे होते आणि बाबा एकसष्ट. दोघे एकमेकांचे साडू. सासऱ्यांनी मागे ठेवलेल्या शिड्यांच्या कारखान्यात दोघांची निम्मी निम्मी भागीदारी. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. मोठ्या मुलीचे ते थोरले, धाकटीचे ते धाकटे. बाबांची साठी उलटली, वरचे दात गेले, तरी गल्लीतली पोरंसुद्धा त्यांना धाकटेच म्हणायची.

काकांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला खिळा उपटणं. निघायचा, पण वेळ लागायचा, आणि निघताना थोडं लाकूड फाटायचं. कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी माणसांकडे बघत नसत. टेबलाचा कोपरा अंगठ्याने दाबून बघत. डळमळलं तर खिशातून चाकू काढून पायाखाली चकती सरकवत, आणि मगच कसे आहात म्हणून विचारत. दवाखान्यात तपासायला गेले की डॉक्टरांचं स्टूल दुरुस्त करून येत. मावशी म्हणायची, मला बघायला आले तेव्हा अर्धा तास खुर्चीखालीच होते, त्यांचा चेहरा मी ते निघताना पाहिला.

कारखाना म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. पुढच्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर, मधे तारेचा एक ट्रे. मागे लांब बाक, रंधे, पटाश्या, आणि लाकडाचे छिलके इतके की पावलाचा आवाजच होत नसे. आत गेलं की वाटायचं, आपण कानांत कापूस घालून चालतो आहोत.

आजोबांनी, म्हणजे या दोघांच्या सासऱ्यांनी, भागीदारीचा करार स्वतःच्या हाताने लिहिला होता. जावई त्यांना दोघेही आवडायचे, विश्वास मात्र एकावरही नसावा. कारण करारात त्यांनी दोन कलमं घातली होती. पेढीच्या प्रत्येक कागदावर दोघांची सही हवी. आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक शिडीवर दोघांनी चढून बघायला हवं.

आमच्या शिड्या घडीच्या. उघडली की तंबूसारखी उभी राहायची, दोन्ही अंगांना पायऱ्या. एका बाजूने काका चढायचे, दुसऱ्या बाजूने बाबा, आणि माथ्यावर दोघांचं नाकाला नाक. शिडी हलली नाही तर माथ्याच्या फळीवर काका खडूने आडवी रेघ मारायचे, बाबा फुली. मग उतरून शेगडीत तापवलेला लोखंडी ठसा दांड्यावर टेकवायचा. चर्र आवाज, पिवळा धूर, आणि लाकडात पेढीचं नाव. ठसा नाही तर शिडी नाही. रंगारी, वीजवाले, पुस्तकवाले ठसा बघूनच घ्यायचे.

तीस वर्षं हे चाललं. घरातले सगळे मोठे निर्णय या दोघांनी जमिनीपासून आठ-दहा फुटांवर घेतले. मी कुठल्या शाळेत जायचं ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर ठरलं, लग्न, तेही शेजारच्याच गल्लीत, बारा पायऱ्यांच्या. आई म्हणायची, तुझं स्थळ वरूनच आलं.

मग एका उन्हाळ्यात काकांना ते दिसलं. बारा पायऱ्यांची शिडी होती. बाबा नवव्या पायरीवर आले आणि त्यांचे गुडघे थरथरायला लागले. चेहरा हसरा, गप्पा चालू, पण दांड्यावरची बोटं पांढरी. काकांनी माथ्यावर पोचल्यावर खडू पुढे केला आणि दुसरीकडे पाहिलं. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. काकांनी ते फक्त मावशीला सांगितलं, मावशीने मला, आणि मला बजावलं की तुझ्या बाबांच्या कानावर गेलं तर मला तोंड दाखवू नकोस.

काकांनी यावर जो उपाय काढला तो त्यांनाच सुचू शकतो. ते सकाळी तासभर लवकर यायला लागले. आधी एका बाजूने चढायचे, उतरायचे, वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढायचे. बाबा येईपर्यंत ठसा मारून शिड्या हातगाडीवर. बाबांना सांगायचे, घाईचं गिऱ्हाईक होतं. सगळं जमलं असतं. पण बाबांची फुली खोटी मारायला काकांचा हात धजला नाही. शिड्या नुसती आडवी रेघ घेऊन गेल्या.

चौथ्या दिवशी बाबा कोपऱ्यावर भेटलेल्या हातगाडीपाशी थांबले. फळी पाहिली. एक रेघ. दांड्यावर ठसा. बाबा आत आले, शेगडीजवळच्या खिळ्यावरून ठसा काढला, तो गार आहे हे बोटाने बघितलं, पिशवीत घातला आणि घरी आले. आईने विचारलं तर म्हणाले, मला न विचारता शिडी जाते, म्हणजे मी त्या घरात मेलो. ठसा कपाटात गेला, शर्टांच्या खाली. पुढे आठ महिने बाबांच्या अंगाला जळक्या लाकडाचा वास येत होता.

काका एकदा दारात येऊन उभे राहिले. ठसा द्या, म्हणाले. बाबांनी विचारलं, एकटे का चढलात. काकांकडे उत्तर होतं. ते त्यांनी दिलं नाही. परत गेले.

ठशाविना शिडी जाईना. माणसं कामावर येत होती, शिड्या बनत होत्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहत होत्या. शेड भरली, मग मागची खोली. त्या न चढलेल्या शिड्यांमधून काका आडवे होऊन चालायचे. तिसऱ्या महिन्यात ते वकिलाकडे गेले.

वकील आजोबांच्या वेळचे, पेढीचेच. त्यांनी चष्मा काढला आणि समजावलं, पेढी म्हणजे कोणी तिसरं माणूस नव्हे, तुम्हां दोघांनी मिळून घेतलेलं ते एक नाव आहे. पेढीने धाकट्यांवर दावा लावायचा, तर पेढीत धाकटेही आले.

काका विचार करून म्हणाले, "म्हणजे मी अर्धाच भांडतोय."

"तसं म्हणा."

"मग बाकीचं अर्धं त्यांच्याकडून घेऊ."

याचा अर्थ वकिलांना दुसऱ्या दिवशी कळला. दाव्याचा मसुदा घेऊन काका कारखान्यात आले, खाली सही केली आणि कागद तारेच्या ट्रेमध्ये ठेवला. पेढीचा कागद होता. दुसरी सही हवी होती. बाबा रोजच्यासारखे साडेदहाला आले, ट्रेमधून कागद उचलला, आपल्यावरचे सगळे आरोप शांतपणे वाचले. एका ठिकाणी लिहिलं होतं की ठशाची मूठ आठ इंचांची. बाबांनी आठ खोडून नऊ केलं, बाजूला छोटी सही केली, खाली मोठी सही केली आणि कागद परत ट्रेमध्ये ठेवला.  मी जेवणाचा डबा द्यायला गेले होते, हे सगळं माझ्यासमोर झालं. मला आधी हसू आलं, मग वाटलं, इतक्या नीटपणे कोणी कोणाशी भांडत नाही.

कोर्टात पहिल्या तारखेला न्यायाधीशबाईंनी दाव्याचं शेवटचं पान दोनदा उलटलं. वादी कोण, विचारलं. काका उभे राहिले. बाबाही उभे राहिले. प्रतिवादी कोण, विचारलं. काका खाली बसले, बाबा उभेच. बाईंनी बाबांना विचारलं, हा दावा तुमच्याविरुद्ध आहे हे ठाऊक आहे ना, मग खाली तुमची सही कशी.

"पेढीचा कागद होता, मॅडम. मी सही केली नसती तर अपुरा राहिला असता."

"आणि दुरुस्ती?"

"मूठ नऊ इंच आहे. उगाच खोटं कशाला जाऊ द्यायचं?"

पलीकडच्या बाकावरचे वकील खोकायला लागले. बाई पाणी प्यायल्या. मग त्यांनी बाबांना विचारलं, तुमचे वकील कुठे आहेत. बाबा म्हणाले, पेढीचे वकील हेच आमचे वकील, पण ते आता माझ्याविरुद्ध आहेत, म्हणून मी एकटाच आलोय. पेढीच्या वकिलांनी मान खाली घातली.

बाबांनी कैफियतही, म्हणजे दाव्याला उत्तर, स्वतःच लिहिली. तिच्यात शेवटी म्हटलं होतं की मला चार दिवस शिड्यांवर चढू दिलं नाही त्याचं कारण वादीने सांगावं, सांगताच ठसा परत करीन. ठसा पुरावा म्हणून ते प्रत्येक तारखेला पिशवीतून आणायचे. मांडीवर ठेवून बसायचे, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

तारखा पडत गेल्या. दोघे एकाच बसने जायचे, कारण त्या बाजूला दुसरी बसच नव्हती. काका पुढे, बाबा मागे. आमचं आणि मावशीचं घर शेजारी शेजारी, स्वयंपाकाचा ओटा एकच, त्यामुळे डबे दोघांचे तिथूनच जायचे. दोन्ही बहिणी एकाच कढईतलं दोन डब्यांत भरायच्या. एकदा डब्यांची अदलाबदल झाली तर दोघांनीही बिनतक्रार खाल्लं. मावशी आईला म्हणाली, "यांनी दावा जिंकला तर तुझ्याकडचा ठसा माझ्याकडे येईल. हरले तर राहील. कपाट तेवढं पुसून ठेव." आई म्हणाली, "तू शर्ट धुवायला ने, मग बोल."

हसत होतो खरे, पण पाचव्या तारखेनंतर वकिलांनी काकांना बोलावलं तेव्हा मीही बरोबर होते. वकील म्हणाले, असं फार दिवस चालणार नाही. आता दोनच वाटा उरतात. एक, भागीदारी मोडून मागा; मग कोर्ट सगळ्याची वाटणी करेल, कारखान्याला कुलूप लागेल. दोन, तुम्ही एकटे का चढलात ते सांगा. काहीतरी कारण असणार. धाकट्यांना आता ते काम झेपत नाही असं असेल तर लिहून द्या, एका तारखेत निकाल लागतो.

काकांनी वकिलांच्या टेबलाचा कोपरा दाबला. टेबल पक्कं होतं. त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही.

"मोडायचं नाही," ते म्हणाले. "आणि लिहायचंही नाही."

"मग हरलात."

"बघू."

परत येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, काका, मी बाबांना सांगू का. त्यांनी नको म्हणून मान हलवली. बाहेर दुकानांवरच्या पाट्या सरकत होत्या. एका दुकानाच्या दारात रंगारी आमच्याच शिडीवर उभा होता. काका त्याच्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. काकांना सगळं आयुष्य एकाच गोष्टीची भीती वाटत आली, आपण बनवलेल्या वस्तूवरून कोणी पडेल याची. आता पडणारं माणूस घरचं होतं, आणि त्याला धरायचं तर तू पडतो आहेस हे त्याला सांगावं लागणार होतं.

सहाव्या तारखेला न्यायाधीशबाईंनी मूळ करार मागवला. ठसा कोणाच्या ताब्यात असावा हे त्याच्यात लिहिलेलं होतं, पण पेढीकडच्या प्रतीवर नेमक्या त्या जागी वार्निश सांडलं होतं. मूळ प्रत कोर्टातच होती. आजोबांचा फार पूर्वी शेजाऱ्याशी गटारावरून खटला झाला होता, तेव्हा ती तिथे जमा झाली आणि तिथेच राहिली. रेकॉर्ड खोलीतून निरोप आला, गठ्ठा सगळ्यात वरच्या फळीवर आहे, शिडी डळमळते. सातव्या तारखेला पुन्हा तोच निरोप, शिडी डळमळते, वर कळवलं आहे. आठव्या तारखेला बाईंनी निरोप वाचला, पेन खाली ठेवलं, आणि दाव्याचं पहिलं पान काढलं.

"वादी पेढीचा धंदा काय म्हणालात?"

वकील उठले. "शिड्या बनवणं, मॅडम."

सबंध खोली हसली. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, जरा जाऊन बघा, दोघेही.

मीही त्यांच्या मागोमाग गेले. रेकॉर्ड खोली तळघरात होती. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे, आणि माणसांनी एकमेकांबद्दल लिहून ठेवलेल्या इतक्या तक्रारींचा मिळून एक थंड, गोडसर वास. रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ शिडीपासून लांबच उभे होते, चावणाऱ्या जनावरापासून उभं राहावं तसे. काका शिडीजवळ गेले, दांड्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. खाली ठसा निघाला. आमचाच, आजोबांच्या काळचा, कडा अजून धारदार.

बाबांनीही तो पाहिला. दोघे एका क्षणात गुडघ्यांवर बसले.

त्यानंतर पंधरा मिनिटं ते बोलत होते, पण ते बोलणं शिडीशी होतं. ही खुंटी सैल आहे. ही बिजागरी नंतर कोणीतरी बसवली, आपली नाही. इथे पाचर हवी. पाचर कशाची करायची, म्हणून काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. सागवान, बाबा म्हणाले. रेकॉर्डवाले म्हणाले, अहो ती सरकारी आहे, पण तोपर्यंत तिचे चार तुकडे झाले होते. हातोडीऐवजी कागदांवर ठेवायचा दगड. बाबा पाचर धरत होते, काका ठोकत होते. आठ महिन्यांनी बाबांची बोटं काकांच्या दगडाखाली होती, आणि त्यांनी ती एकदाही मागे घेतली नाहीत.

शिडी उभी केली. काकांनी चारही पाय दाबून पाहिले. मग सवयीने एका बाजूची पहिली पायरी चढले आणि एकदम थांबले. दुसऱ्या बाजूला बाबाही पहिल्या पायरीवर होते. शिडी चौदा पायऱ्यांची होती.

"धाकटे, तुम्ही खाली थांबा. मी गठ्ठा काढतो."

"पेढीची शिडी आहे, थोरले."

दोघे चढायला लागले. मी खाली पायऱ्या मोजत होते. आठवी, नववी. दहाव्या पायरीपासून शिडीच्या दांड्याला बारीक कंप सुटला. माथ्यावर पोचेपर्यंत सगळी शिडी गुणगुणल्यासारखी हलत होती.

"अजून हलतेय की," रेकॉर्डवाले खालून म्हणाले.

 वरून बाबांचा आवाज आला, अगदी साधा.

"शिडी नाही हलत. मी हलतोय."

काका म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. बारा पायऱ्यांच्या शिडीवर."

कंप चालूच होता. गठ्ठ्यांवरची धूळ खाली माझ्या केसांत पडत होती.

"मग कोर्टात का नाही सांगितलंत? पहिल्याच तारखेला जिंकला असतात."

काकांना नेहमीसारखाच वेळ लागला.

"लिहून द्यावं लागलं असतं. पेढीचा कागद. त्याच्यावर तुमची सही घ्यावी लागली असती."

बाबा हसायला लागले. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने, आणि आता शिडी खरोखरच हलायला लागली. काकांनी फळीवरून हात घालून त्यांचं मनगट धरलं. "हसू नका, पडाल," म्हणाले, आणि स्वतःही हसले. मग माथ्याच्या फळीवर खूण करायला खडू नव्हता. रेकॉर्डवाल्यांनी खालून लाल पेन्सिल वर फेकली. एक रेघ, एक फुली. फुली जरा वाकडी आली.

उतरायला बाबांना वेळ लागला. काका आधी उतरले, वळसा घालून त्यांच्या बाजूला आले आणि दांडा धरून उभे राहिले. बाबांनी खाली पाहिलं आणि एकेक पायरी करत आले.

गठ्ठा वरच राहिला होता. तो काढायला काका पुन्हा चढले.

करार बाईंसमोर उघडला तेव्हा त्या जागी आजोबांचं ठसठशीत अक्षर होतं. ठसा शेगडीजवळच्या खिळ्याला टांगावा, तो कोणाच्याही ताब्यात नाही. बाईंनी दोघांकडे पाहिलं. बाबांनी मांडीवरचा ठसा उचलला आणि काकांच्या हातात न देता दोघांच्या मधे बाकावर ठेवला. वकील म्हणाले, मॅडम, पेढीला दावा मागे घ्यायचा आहे. बाईंनी अर्ज हातात आल्यावर आधी खालच्या सह्या मोजल्या. दोन होत्या. बाजूला प्रतिवादीची संमती म्हणून बाबांची आणखी एक. आणि करारातल्या दुसऱ्या कलमाला जोड दिल्याचा एक वेगळा कागद, त्याच्यावर पुन्हा दोन. शिडीवर एकाने चढावे, दुसऱ्याने खाली धरावी. त्या दिवशी बाबांनी एकंदर तीन सह्या केल्या. आई म्हणाली, लग्नातसुद्धा इतक्या केल्या नव्हत्या.

भिंतीला टेकलेल्या शिड्या संपवायला दोघांना नऊ दिवस लागले. काका चढायचे, बाबा खालून धरायचे आणि सतत सूचना करायचे, डावीकडे भार द्या, आता नाचा थोडं. काका म्हणायचे, तुम्ही वर होतात तेव्हा एवढं बोलत नव्हतात. बाबा म्हणायचे, तेव्हा माझं लक्ष होतं कुठे.

आता काका सत्तरीला आले. गेल्या महिन्यात मी कारखान्यात गेले तेव्हा बारा पायऱ्यांची शिडी तपासून बाहेर पडत होती. रंगारी ती उचलताना थांबला आणि म्हणाला, माथ्यावर रेघ आहे ती कळली, पण ही सगळ्यात खालच्या पायरीवर फुली कसली, पुसून टाकू का.

काका बाकावर पटाशीला धार लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ती असू द्या," म्हणाले. "ती पुसलीत तर मला वर चढता येणार नाही."